एकतीस डिसेंबरची सिल्वेस्त्रा

मानांग प्रेसिंगच्या, म्हणजे प्रेसिंगताईच्या, शिवणाच्या दुकानाला पाटी नव्हती आणि तिची गरजही नव्हती. फिलिपाईन्समधल्या इलोइलो शहराच्या हारो भागात कुठल्याही तीनचाकीवाल्याला "वाढदिवसांची खिडकी" म्हटलं की तो नेमका तिच्या दारात आणून सोडायचा. रस्त्याकडच्या काचेत रोज सकाळी जुन्या मासिकाचं एक मुखपृष्ठ लागायचं. त्यावर फुगीर बाह्यांची, श्वास घ्यायला जागा न ठेवता कंबर आवळलेली एखादी नटी, नाहीतर केसांना पावशेर तेल चोपडलेला नट असायचा. खाली पुठ्ठ्यावर टपोऱ्या अक्षरांत दोन ओळी असायच्या: आज पडद्यावरचं कोण जन्मलं, आणि आजच्या दिवशी देशात काय घडलं. बाजाराला निघालेल्या बायका पहिली ओळ वाचायच्या. दुसरी शाळामास्तर वाचायचे, तेही कुणी बघत असेल तर.

मुखपृष्ठं तिची, इतिहास नवऱ्याचा. १९५५ साली ती मावशीच्या हाताखाली शिवण शिकायला बसली, तेव्हापासून मासिकं साठवत होती. गिऱ्हाईक यायचं, नटीच्या चित्रावर बोट ठेवायचं आणि म्हणायचं, "अस्संच शिव." चित्रातली कंबर आणि समोरची कंबर यांच्यामध्ये आख्खी इलोइलोची सामुद्रधुनी पसरलेली असायची, तरी प्रेसिंग शिवायची आणि गिऱ्हाईक आरशात नटी बघून घरी जायचं. नवरा क्रिस्पुलो हायस्कुलात इतिहास शिकवायचा. चाळीस वर्षांच्या संसारात त्यानं बायकोला मागे काय ठेवलं, तर तारखांची एक जाडजूड वही. तीत बंडं होती, तह होते, गव्हर्नर होते. स्वतःच्या लग्नाची तारीख तेवढी नव्हती.

तो गेल्यावर प्रेसिंगनं वही आणि मासिकं यांचा संसार लावून दिला. तिला मूलबाळ नव्हतं. रोज कुणाचा तरी वाढदिवस असायचा, हे तिला बरं वाटायचं.

२०१७ च्या डिसेंबरात त्यांच्या भागाचा कपितान, म्हणजे निवडून आलेला कारभारी, देमेत्रियो याला संस्कृतीची उबळ आली. पुढच्या वर्षी निवडणूक होती, हा निव्वळ योगायोग. त्यानं बास्केटबॉलच्या मैदानावर पत्रे घातले आणि त्याला जुन्या काळची नटी डालिया मोंतेक्लारो हिचं नाव द्यायचं ठरवलं. डालिया याच गल्लीतली. चौदा फेब्रुवारीला ती सत्तरीत पदार्पण करणार, त्याच दिवशी नामकरण, केक आणि सत्कार. चौकाचौकांत फ्लेक्स लागले. कपितानाचा चेहरा घमेल्याएवढा होता आणि डालिया कोपऱ्यात, टपाल तिकिटाएवढी. नटी स्वतः नवीन वर्षासाठी मनिलाहून आली आणि कपितानाकडेच उतरली.

एकतीस डिसेंबरला सकाळी प्रेसिंगनं खिडकीत नेहमीप्रमाणे त्या दिवसाचं मुखपृष्ठ लावलं. १९५८ चं होतं. पांढऱ्या झग्यातली, फुलपाखरी बाह्यांची डालिया. खाली लिहिलं होतं: "३१ डिसेंबर १९३९. सिल्वेस्त्रा हावेलोसा ऊर्फ डालिया मोंतेक्लारो हिचा याच गल्लीत जन्म." आणि त्याखाली: "३१ डिसेंबर १८४४. हा दिवस फिलिपाईन्समध्ये उगवलाच नाही. गव्हर्नराच्या हुकमानं पंचांगातून गाळला."

हे मुखपृष्ठ ती दरवर्षी लावायची. आजवर कुणी हूं की चूं केलं नव्हतं, कारण डालिया आठवत होती कुणाला? आता मात्र घमेल्याएवढा चेहरा धावत आला.

"मानांग, हे काय लावलंय?"

"वाच की. शाळेच्या तुझ्या चड्ड्या मी शिवल्या होत्या. अभ्यास शिवता आला नाही, तेवढं राहिलं."

"अहो, बाई सत्तरच्या होतायत! चौदा फेब्रुवारीला! फ्लेक्स छापून झालेत!"

"मग फ्लेक्सचा वाढदिवस कर."

"इंटरनेटवर तसंच आहे."

"इंटरनेट होतं का तिच्या बारशाला? मी होते. तिच्याहून एक महिना दहा दिवसांनी मोठी. एका बाकावर बसायचो आम्ही. अरे, तिचं नावच सिल्वेस्त्रा. एकतीस डिसेंबर हा संत सिल्वेस्त्रेचा दिवस. त्या काळी पाद्री पंचांग उघडायचा आणि बोट पडेल ते नाव ठेवायचा. चौदा फेब्रुवारीला जन्मली असती तर व्हॅलेंतिना झाली असती."

कपितानानं कपाळ पुसलं. "पण मानांग, तुम्ही अठ्ठ्याहत्तरच्या आणि त्या सत्तरच्या, असं असू शकतं ना?"

"असू शकतं. मग १९५८ च्या सिनेमात ती दहा वर्षांची होती म्हणायची. दहाव्या वर्षी तिनं पडद्यावर लग्न केलं आणि मध्यंतरानंतर विधवाही झाली. हुशार पोर."

कपितान गेला. प्रेसिंग यंत्रावर बसली. त्या दिवशी तिला उसंत नव्हती. वर्ष लागताना अंगावर ठिपके असले की बरकत येते, म्हणून आख्ख्या गल्लीला ठिपक्याठिपक्यांचे झगे हवे असतात, आणि सगळ्यांना ते आठवतं एकतीस तारखेला.

दुपारी दारात गाडी थांबली. काळा चष्मा घातलेली एक बाई उतरली, क्षणभर खिडकीसमोर उभी राहिली आणि आत आली. प्रेसिंगनं मान वर केली नाही. चाल ओळखीची होती. उजवा पाय जरा आत वळायचा. सिनेमात तो पाय कधी दाखवला नव्हता.

"प्रेसिंग."

"बस. स्टुलावरचे झगे खाली ठेव. चुरगाळू नकोस."

"साठ वर्षांत तुझी जीभ काही झिजली नाही."

"वापरात होती. तुझी पत्र लिहायची बोटं मात्र झिजलेली दिसतात."

डालियानं चष्मा काढला. डोळ्यांभोवती इतकी पावडर होती की हसल्यावर तिला चिरा पडल्या. "तो झगा अजून ठेवलायस," ती खिडकीकडे बघत म्हणाली.

"झगा कुठे, चित्र ठेवलंय. झगा तूच नेलास. मी कांदेलारिया माउलीच्या जत्रेसाठी आणलेलं कापड होतं ते. तू म्हणालीस, मनिलाला पोचले की तुला बोलावून घेते, माझे सगळे कपडे तूच शिवायचे. मी दोन महिने पेटी भरून बसले होते, सिल्वेस्त्रा. मग हेच मासिक आलं. आत तुझी मुलाखत. झगा कुणी शिवला? तर मनिलाच्या नामांकित शिंप्यानं!"

"तसं सांगायला लावलं."

"आणि जन्मतारीख?"

"तीही त्यांनीच दिली. म्हणाले, वर्षाच्या शेवटच्या दिवशी कुणाचं लक्ष जाणार? प्रेमाचा दिवस घे. दिवस बदलल्यावर वर्ष बदलायला काय लागतं? चार वर्षं त्यांनी काढली, पुढची मी."

"हात सराईत झाला म्हणायचा."

"तूच लिहिलंयस ना खाली? सरकारनं आख्ख्या देशाचा दिवस गिळला. मी माझीच आठ वर्षं गिळली तर तुझ्या पोटात का दुखतं?"

प्रेसिंगला हसू आलं, पण तिनं ते दाताखालच्या टाचणीबरोबर धरून ठेवलं.

डालिया खालच्या आवाजात बोलू लागली. टीव्हीवरच्या एका मालिकेत तिला आजीचं काम मिळालं होतं. आजी सत्तरीची, तुरुतुरु चालणारी. "अठ्ठ्याहत्तर कळलं ना, की विम्याचं कारण काढतील. पहिल्या भागात मला खोकला लावतील आणि तिसऱ्या भागात शवपेटीत घालून फुलं वाहतील. मला घरी बसवत नाही गं. घरी कुणी नाही."

यंत्र थांबलं. प्रेसिंगला सबंध आयुष्यात एकच गोष्ट नीट कळत होती: माणूस कपडा मागतो तेव्हा काय झाकायचंय ते आधी बघावं. पण साठ वर्षांचा राग असा एका दुपारी उसवत नाही.

"तारीख मी काढणार नाही," ती म्हणाली. "तारीख खरी आहे."

"मग मी जाते."

"थांब. गाडीत काय आहे? येताना हातात पिशवी धरून परत ठेवलीस. काचेतून दिसतं मला सगळं."

डालिया ओशाळली. पिशवीत सत्काराचा झगा होता, मनिलाच्या कुठल्याशा तरुण शिंप्यानं शिवलेला, झुळझुळीत, महागडा. पाठीवर चार बोटं कमी पडत होता.

"त्याला कुठलं माप दिलं होतंस?"

"दहा वर्षांपूर्वीचं."

"सवय!" प्रेसिंगनं कपाळावर हात मारला. मग तिनं उठून दाराला कडी लावली, फीत गळ्यात घातली आणि माप घेतलं. कंबर मोजली, तेव्हा डालियानं पोट आत घेतलं. "सोड," प्रेसिंग म्हणाली, "फीत नाही कुणाला सांगत." आणि बोलता बोलता तीच थबकली. बासष्ट वर्षांत तिनं एका गिऱ्हाइकाचं माप दुसऱ्याला सांगितलं नव्हतं. गल्लीतल्या बायकांच्या कमरा तिच्या पोटात पुरल्या होत्या. नवऱ्यांना नसतील ठाऊक अशा.

"काय झालं?" डालियानं विचारलं.

"काही नाही. तू आता गिऱ्हाईक झालीस, एवढंच."

झगा दुरुस्त करायला तीन आठवडे लागले. खिडकीतलं मुखपृष्ठ त्या दिवशी संध्याकाळपर्यंत राहिलं. फक्त पुठ्ठ्यावरच्या १९३९ वर प्रेसिंगनं ठिपक्यांच्या कापडाचा तुकडा चिकटवला. गल्लीतल्या बायकांनी तो उचकटून बघितला नसता तर त्या गल्लीतल्या बायका कसल्या? पण सगळ्यांची मापं प्रेसिंगकडे होती. कुणी तोंड उघडलं नाही.

चौदा फेब्रुवारीला पत्र्याखाली सत्कार झाला. कपितान पाऊण तास बोलला. त्यात बास्केटबॉल होतं, निवडणूक होती, पत्र्यांची जाडी होती. डालियाबद्दल तो म्हणाला की त्या थोर आहेत. आयुष्य लांबावं म्हणून पान्सितच्या शेवयांची परात आली आणि सगळ्यांनी नटीचं आयुष्य स्वतःच खाऊन संपवलं. झगा पाठीवर असा बसला होता की मनिलाची वार्ताहर पोरगी शिंप्याचं नाव विचारू लागली.

डालियानं माईक हातात घेतला. "हा झगा माझ्या अंगावर बसवला तो याच गल्लीतल्या प्रेसेंतासियोन हालबुएना यांनी," ती म्हणाली. "आणि माझा पहिला पांढरा झगासुद्धा त्यांनीच शिवला होता. मनिलाच्या शिंप्यानं नाही. तो माझा खोटेपणा."

पत्र्याखाली टाळ्या कडाडल्या. प्रेसिंगनं हातातली ताटली खाली ठेवली. साठ वर्षांनी आलेलं हे वाक्य तिला गिळता येईना की थुंकता येईना. डोळे मात्र भरून आले.

पण नटी ती नटीच. टाळ्या ऐकून तिला चेव आला. "मानांग प्रेसिंगचे माझ्यावर फार उपकार आहेत," ती गहिवरून पुढे म्हणाली. "लहानपणी मला कडेवर घेऊन फिरवायच्या त्या!"

एक महिना दहा दिवसांच्या मोठेपणावर प्रेसिंगनं एवढं ओझं उचललं होतं, हे तिचं तिलाच नवीन होतं. शेजारच्या बाईनं कोपरखळी मारली. "काय गं मानांग, खरंच?"

"हो तर," प्रेसिंग डोळे पुसत म्हणाली. "वजनदार होती पोर. तेव्हापासून कंबर धरलीय माझी."

डालिया दुसऱ्या दिवशीच्या विमानानं गेली. मालिका सुरू झाली. तिसरा भाग आला, तेरावा आला, आजी तुरुतुरु चालत राहिली. एप्रिलमध्ये मनिलाहून एक खोकं आलं. आत सहा झगे, सगळे पाठीवर तंग, आणि एक चिठ्ठी: "सावकाश कर. पत्र लिहीन." पत्र आलं नाही, जूनमध्ये आणखी चार झगे आले. प्रेसिंगनं ते उसवले, सैल केले, इस्त्री केले आणि परतीच्या खोक्यात स्वतःच्या हातानं चिठ्ठी घातली: "बोटं बरी झाली की कळव."