गुप्तहेराच्या बहिणीचं नाव

कल्याणला आमच्या आळीत दर महिन्याला एका पोरगेल्या गुप्तहेराचं नवं पुस्तक यायचं. वाचनालयातून एक प्रत आणायची आणि आम्ही मैत्रिणींनी ती फिरवून वाचायची. वाचण्यापेक्षा भांडणातच जास्त मजा. एका पुस्तकात गुप्तहेराला पोहता येत नसे आणि पुढच्याच पुस्तकात पठ्ठ्या खाडी पार करायचा! मग खरं काय? मी हट्टी, मीच नियम करून टाकला: पुढचं पुस्तक ते खरं. मधल्या काळात शिकला असेल पोहायला, संपलं!

शेजारचे काका मुंबईला छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. ते एकदा म्हणाले, "अगं, मुखपृष्ठावर नाव आहे ना, त्या नावाचा माणूसच नाही. तिघं-चौघं लिहितात आळीपाळीने. एकाने काय लिहिलं ते दुसऱ्याला ठाऊक नसतं." माझा विश्वासच बसेना. मग मात्र पुस्तक हातात आलं, की हे कुणी लिहिलं असेल याचाच चाळा लागला.

आणि एका महिन्यात गुप्तहेराच्या बहिणीचं नावच बदललं. केसातल्या आकड्याने कुलपं उघडणारी ती पोरगी, आता नुसता चहा करत होती आणि उंदराला घाबरत होती. नवा लेखक नाव विसरला, हे शेंबडं पोरही सांगेल. पण काकांनी एवढं सांगूनही आम्हाला ते सुचलं नाही. एक मैत्रीण म्हणाली, "लग्न झालं असेल. नाव बदललं, त्यात काय?"

"मग भावाच्या घरी कशी?"

"माहेरपणाला आली असेल!"

सगळ्यांना पटलं. कुठल्याही पुस्तकात मांडव नाही, वऱ्हाड नाही, तरी पटलं.

मैत्रिणी गेल्या. ओटीवर वहिनी तांदूळ निवडत बसलेली. दादाचं लग्न नुकतंच झालेलं, लग्नात त्याने ताटातल्या तांदळावर अंगठीने तिचं नवं नाव लिहिलेलं. तीही माहेरी हीच पुस्तकं वाचायची, हे मला त्या दिवशी कळलं.

"वन्सं, तुमच्या नियमाने आता नवंच नाव खरं ना?"

"हो."

"मग कुलपं उघडायची ती कोण?"

भारीच राग आला, माझाच नियम आणि मीच अडकले! "तूच सांग," मी म्हटलं.

"दोन्ही खरी धरा की." हसत म्हणाली, पण निवडणारा हात थांबलेला. "मला तर इथे आल्यापासून जुन्या नावाने कुणी हाकच मारली नाही हो. फार वाटतं, एकदा तरी कुणी मारावी."

"काय होतं गं तुझं नाव?"

तिने हळूच सांगितलं. इतकं गोड नाव! बदललं कशाला, देव जाणे. मी तिथूनच खणखणीत हाक मारली.

"ओ!" तिने इतक्या चटकन ओ दिली, की सुपातले तांदूळ सांडले. चेहरा तर असा फुलला, की मलाच भरून आलं.

स्वयंपाकघरातून आईने विचारलं, "कोण आलंय गं?"

वहिनी खाली वाकून तांदूळ गोळा करायला लागली.

"कोणी नाही, सासूबाई," ती म्हणाली.