या जेवायला

आमच्या ऑफिसात उदगीरहून ऋतुजा नावाची मुलगी इंटर्न म्हणून आली आहे. दुपारी ती जागेवरच डबा उघडते आणि शेजारून जाणाऱ्या प्रत्येकाला म्हणते, "या जेवायला." यावर "होऊ द्या" म्हणायचं आणि पुढे जायचं, एवढीच रीत. पण इथे बहुतेकांच्या कानात इअरफोन. उत्तर आलं नाही की ती क्षणभर थांबते आणि मग एकटीच जेवायला लागते.

काल आमचे साहेब थांबले. सगळा जन्म शहरात गेलेला, त्यांना ते बोलावणं खरंच वाटलं. खुर्ची ओढून बसलेच. डब्यात एकच भाकरी होती. ऋतुजाने ती मोडून मोठा तुकडा त्यांच्यापुढे सरकवला. "ठेचा जपून खा सर, तिखट आहे," म्हणाली आणि हसली. ती आल्यापासून तिचा इतका मोकळा आवाज मी ऐकलाच नव्हता.

परक्या गावात माणूस कशाने रुजतं, कोण जाणे. कदाचित आपल्या डब्यातलं कुणी हक्काने खाल्लं की रुजत असेल.

आज तिने जास्तीची भाकरी आणली होती, पण साहेब मीटिंगमध्ये अडकलेले. "या जेवायला," ती मला म्हणाली. "होऊ द्या" अगदी ओठांवर आलं होतं. मी खुर्ची ओढली.