अर्बाबचा तो फोन

बाबलकाकांना जाऊन तीन महिने झाले आणि मी अजून खोटं बोलतोय.

आज बास.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. बाबलकाका आमच्या ओमानमधल्या इब्राच्या गॅरेजचे पेंटर. मालवणकडचे. मी तिथला एसी मेकॅनिक. पाच वर्षं एकाच रूमवर, त्यांची खाट माझ्या खाटेला चिकटून.

खाडीकाठचा माणूस, बावीस वर्षं इब्रात. इथे पाणी म्हणजे बाथरूमचं.

गावी सुट्टी मिळायची ती पण पावसातच. तेव्हा खाडी गढूळ. गरी टाकून काय मिळणार, चप्पल.

म्हणून त्यांचं एकच तुणतुणं. थंडीत सलालाहला जायचं. तिकडे खोर आहेत, म्हणजे समुद्राला लागून तळी. त्यांच्या पुढे किनाऱ्यावर गरी टाकून बसायचं.

"हय आपण स्वेटरात कुडकुडतंव. थय जानेवारीत हाफ चड्डीत बसाचा. पाणी उबदार, मासो कडेक येता."

मी म्हणायचो, "काका, तिकडे जिताडा मिळत नाही."

"तो नसलो तर त्याचो भाऊ तरी असतलो."

काकांनी मस्कतला हमरियाच्या बाजारात जाऊन गरीचा रॉड आणला. रोज काम सुटलं की गॅरेजच्या आवारात प्रॅक्टिस. वीस पावलांवर बादली ठेवायची आणि गळ बरोबर बादलीत टाकायचा. अर्बाब, म्हणजे आमचा मालक, गाडीतून उतरून बघत बसायचा.

एकदा काकांचं लक्ष नसताना मी गळाला सार्डिनचा डबा बांधला.

त्यांनी शांतपणे रीळ फिरवलं, डबा हातात घेतला, माझ्याकडे बघितलं. आणि कांदा चिरायला घेतला. रात्री तेच जेवलो. "पयलो मासो," म्हणाले.

असा माणूस. मस्करी केली तर मस्करीच शिजवून खाणारा.

मागच्या वर्षी अर्बाबने जानेवारीत चार दिवसांची सुट्टी दिली. काका, मी आणि शाजी, आमचा केरळचा डेंटर. गाडी ठरली. कूलबॉक्स धुऊन उन्हात ठेवला.

निघायच्या दोन दिवस आधी, संध्याकाळी, मी नवीन सिम टाकलं. पाण्याच्या टाकीमागे उभा राहून काकांना फोन लावला. अर्बाबचा आवाज मी एकदम सेम काढतो, गॅरेजात सगळ्यांना माहीत आहे. काकांना सोडून.

"बाबल. इजाजा माफी. शुगल वाजिद. खलास."

सुट्टी कॅन्सल, काम खूप, विषय संपला.

मला वाटलं आता काका मालवणीत अर्बाबच्या सात पिढ्यांची पूजा करणार, मी दात काढत बाहेर येणार.

काका म्हणाले, "ओके अर्बाब. नो प्रॉब्लेम."

फोन ठेवला. कूलबॉक्स उचलून परत कपाटावर ठेवला. आणि काकीला फोन लावला.

"अगो काय नाय गो. कामा आसत. फुडच्या वर्साक बघूया."

मी टाकीमागेच. म्हटलं, उद्या सकाळी सांगतो.

सकाळी मी उठायच्या आधी काका अर्बाबकडे पोचले. त्यांच्या मोडक्या अरबीत सांगितलं, सुट्टी नको, नो प्रॉब्लेम.

अर्बाबला वाटलं, काका स्वतःच सुट्टी सोडतायत. खूश. शुक्रन म्हणाला आणि नऊ वाजेपर्यंत तीन गाड्या पेंटला घेऊन आला.

तीन गाड्या दारात उभ्या असताना मी काय सांगणार होतो.

हो, सांगायला पाहिजे होतं. माहीत आहे.

मग मी ठरवलं, पुढच्या थंडीत सलालाहला गेलो की सांगायचं. मासा गळाला लागला की. दोन्ही हात रॉडला, मारणार कशाने.

उन्हाळ्यात एकदा ते बंपर घासत होते. मधेच थांबले.

"पक्या, तुका काय सांगाचा आसा?"

"हो काका. तुमची पँट मागून फाटलीय."

त्यांनी मागे हात लावून बघितला. हसले. परत घासायला लागले.

ऑक्टोबरात दुपारी जेवून जरा पडले. उठलेच नाहीत. शाजी हाक मारायला गेला होता.

मागच्या आठवड्यात मी काकीला फोन केला. रॉड तुमच्याकडे पाठवू का, विचारायला.

काकी म्हणाली, "ठेय तुझ्याकडे. तूच ना रे तो फोन केलेलो?"

मी हातातला पाना खाली ठेवला.

"त्यांका सगळा ठावक होता. अर्बाबान मार्चात त्यांका आपणहून सुट्टी सोडलंस म्हणून थँक्यू म्हटल्यान, तेव्हाच कळला, फोन त्याचो नव्हतो. त्याचो आवाज कोण काढता, ता गॅरेजात सगळ्यांका ठावक. मी म्हटलंय, विचारा त्याका. तर म्हणत, मी इचारूचंय नाय. त्याच्या पोटात रवाचा नाय. सलालाहक गेल्यार आपणच सांगतलो."

म्हणजे मी पण सलालाहची वाट बघत होतो आणि ते पण.

ती पँट फाटली नव्हती.

आज आम्ही निघणार होतो तीच तारीख. शाजी आणि मी सलालाहला आलोय. खरंच उबारा आहे काका, स्वेटर गाडीतच राहिला. पाणी अगदी नितळ. शाजी तिकडे कूलबॉक्सवर बसलाय.

तुम्ही म्हणायचात, "मासो होयो तर पयला तोंड बंद ठेय."

एकदाच उघडायचं होतं. तेव्हाच बंद ठेवलं.

तुमचा रॉड माझ्या हातात आहे. दोन्ही हात अडकलेत, तुम्हाला मारायचं तर आत्ताच मारा.

काका, तो अर्बाबचा फोन नव्हता. मी होतो.