उकंडरावांचं लाल नाव

माझ्या सासऱ्यांच्या हाती वस्तू आली की तिच्यावर आधी त्यांचं नाव पडायचं, मग ती कामाला लागायची. फवारणीचा पंप, वांग्यांचे कॅरेट, पाण्याची कॅन, शिडी, एवढंच काय, देवघरातली घंटासुद्धा सुटली नव्हती. लाल ऑइलपेंटचा एक डबा आणि केस झडलेला ब्रश त्यांच्या खाटेखाली कायम असे. मी लग्न होऊन केनवडला आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी माझी माहेरची स्टीलची बादली उलटी करून तिच्या बुडावर ‘उकंडराव’ लिहिलं. मला असा राग आला! पण नवी नवरी सासऱ्यांना काय बोलणार? पदर सारखा केला आणि बादली उचलून आत नेली.

आधीची तीन पोरं दगावली म्हणून त्यांच्या आईनं या चौथ्याला उकिरड्यावर ठेवून उचललं आणि नाव ठेवलं उकंडा. शाळेत पोरं हसायची. “हसू द्या नं,” ते म्हणत, “याच नावानं मी जगलो. मी काहून लपवू?” लपवणं दूरच, ते नाव त्यांनी अख्ख्या शिवारात रंगवून ठेवलं होतं. कोणी काही विकत घेतलं, कोणाला नोकरी लागली, कोणाच्या घरी पाळणा हलला, की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, “नाव टाकलं का?”

आणि नावाच्या बाबतीत माणूस भयंकर हळवा. आसेगावला पुतणीच्या लग्नात पत्रिकेवर निमंत्रकांमध्ये त्यांचं नाव राहून गेलं होतं. मांडवाच्या दारातून ते उलट्या पावली फिरले आणि एसटी स्टँडवर भजी खाऊन घरी आले. पुढे दोन वर्षं त्या घरी त्यांनी पाय ठेवला नाही. अशा माणसाला मला सांगायचं होतं, की मामाजी, घरावर तुमचं नाव नको.

त्याचं झालं असं. माझे मालक, गजानन, फौजेत, तिकडे बर्फाळ सीमेवर. पेन्शनीला थोडा अवधी उरला होता, लेकरं शाळेची झाली होती, म्हणून वाशिमला एक तयार घर बघितलं. इसाराची रक्कम द्यायला मोठे भासरे, म्हणजे गजाननचे थोरले भाऊ, रामदास गेले आणि आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे त्यांनी इसारचिठ्ठी मामाजींच्या नावानं केली. बाप बसलेला असताना पोराचं नाव पुढे करायचं नाही, ही आमच्या घरातली रीत. कोणाला त्यात काही चुकलंय असं वाटलंच नाही. मलाही नाही.

गजाननला फोनवर कळलं तेव्हा तो ओरडलाच. “अवं, माजी सैनिकाच्या एका घराची घरपट्टी माफ होते, पन घर त्याच्या नाई तं बायकोच्या नावानं पायजे. बाईच्या नावानं खरेदी केली तं स्टॅम्पातबी सूट हाय. मले सुट्टी भेटत नाई. खरेदी तुह्या नावानं कर.” मग जरा थांबून हळू आवाजात म्हणाला, “अन् माहं इकडं काई झालं तं तुले कोनी उठ म्हनू नये.” मी म्हटलं, मामाजींना तुम्हीच सांगा. तेवढ्यात रेंज गेली. पुढे कितीतरी दिवस तिकडून फोनच आला नाही.

खरेदी दोन दिवसांवर आली. विकणाऱ्याकडे दुसरं गिऱ्हाईक येऊन बसलं होतं. इसार मामाजींच्या नावाचा, त्यामुळे माझ्या नावानं खत करायचं तर मान्यता देणार म्हणून त्यांची सही लागणार होती. ते नाही म्हणाले तर घरही जाणार आणि घरात तोंडही राहणार नाही. भासऱ्यांना सांगितलं तर ते भडकले. “बाप जित्ता असतानी सुनेच्या नावानं घर? लोक तोंडात शेन घालतीन आमच्या. मी नाई सांगत. तूच सांग.”

वांगी तोडताना मी सांगितलं. ते पुढच्या सरीत, मी मागच्या. सूट, माफी, सगळं भडाभडा बोलून टाकलं, पण नवऱ्याचं शेवटचं वाक्य काही तोंडातून निघेना. त्यांनी मान वर केली नाही. भरलेलं कॅरेट उचललं, बांधावर ठेवलं आणि मला तिथेच सोडून घराकडे चालू लागले.

त्या दिवशी ते आमच्यासोबत जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळीच कुठेतरी निघून गेले ते दिवस मावळता परतले. सासूबाईंनी विचारलं, तर त्यांच्यावरच खेकसले. नवरा तिकडे बर्फात, फोन बंद, आणि इकडे माझ्यामुळे बापलेकांत वितुष्ट येणार. वाटलं, मरो ती सूट आणि मरो ती माफी, मामाजींचंच नाव असू द्यावं. पण नवऱ्याचा तो हळू आवाज कानातून जाईना.

खरेदीच्या दिवशी मात्र ते धुवट धोतर-टोपी घालून सगळ्यांच्या आधी गाडीत बसले. कचेरीत गर्दी होती. आमचा पुकारा झाला. मामाजी टेबलाशी गेले आणि खत लिहिणाऱ्याला म्हणाले, “वाचून दाखवा. पुरं.” त्यानं घाईघाईत वाचलं. घेणार, माझं नाव. मान्यता देणार, उकंडराव.

“थांबा,” मामाजी म्हणाले. “इसार माह्या नावाचा होता नं?”

विकणाऱ्यानं घड्याळाकडे पाहिलं. भासरे पुढे सरसावले, “बाबा, तुमाले पटत नसन तं आताबी...”

“तू गप रे.” मग आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी चारचौघांत सरळ माझ्या तोंडाकडे पाहिलं. “सूनबाई, नाव टाकलं का?”

“नाई, मामाजी.”

“मंग टाक नं. थांबली काहून?”

मी सही केली. अक्षर इतकं हललं की साहेबांनी पुन्हा करायला लावली. माझ्यामागून त्यांनी सही केली, ‘उकंडराव’, त्याच ठसठशीत अक्षरात.

परतताना गाडीत ते खिडकीकडे तोंड करून बोलले. आदल्या दिवशी ते मेडशीला एका रिटायर फौजीकडे खात्री करायला गेले होते. “त्यानं सांगतलं, सून बराबर बोलून राह्यली. पन थे माफी-बिफी जाऊ दे. माह्या नावानं असतं तं मी गेल्यावर वाटे पडले असते. अन् तिकडं पोराचं काई बरंवाईट...” पुढचं त्यांना बोलवलं नाही. जे मी दोन दिवस गिळून बसले होते, ते त्यांना न सांगताच कळलं होतं. मला रडू आवरलं नाही.

म्हणून रुसले नाहीत असं मात्र नाही. वास्तुशांतीला आले आणि ओसरीवर पाहुण्यासारखे बसून गेले. पुढे बरेच दिवस फिरकले नाहीत. मग एका दुपारी दारात उभे, एका हातात सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी, दुसऱ्या हातात लाल डबा. “फाटकावर नाव टाकू का?” त्यांनी विचारलं. माझी बादली रंगवताना न विचारणारा माणूस! मी म्हटलं, “मामाजी, तुमचंच टाका.”

त्यांनी डबा उघडला. उन्हात उकिडवे बसून कितीतरी वेळ रंगवत राहिले. मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा फाटकावर वरच्या ओळीत होतं ‘सौ. रेखा’ आणि खालच्या ओळीत ‘उकंडरावची सून’.

गजानन पेन्शनीवर घरी आला, घरपट्टी माफ झाली, पण फाटकावर त्याचं नाव कुठेच नाही म्हणून तो अजून कुरकुरतो. मामाजींना जाऊन आता चार उन्हाळे झाले. तो डबा आणि ब्रश मी केनवडहून मागून आणला. फाटकावर दिवसभर ऊन असतं, रंग उडतो. वरची ओळ फिकी पडली आहे, पडू दे. खालची मी दर दिवाळीला गिरवते.