ना हरकतीचा चहा

गंगापूर रोडवरच्या काचेच्या बिल्डिंगमध्ये मुंबईच्या वकिलांची मोठी फर्म आली आणि नाशिकला न्याय मिळायची सोय झाली. त्याआधी आम्ही सगळे इथे काय करत होतो, देव जाणे.

फर्मच्या नावात चार आडनावं आहेत. त्यातलं एकही नाशकात राहत नाही. पण उद्घाटनाला त्यांनी गावातल्या बऱ्याच वकिलांना आग्रहाने बोलावलं. ज्यांची अशिलं न्यायची त्यांना आधी पोटभर खाऊ घालायचं, याला मनाचा मोठेपणा लागतो. आमचे सर म्हणाले, "ऑफिसातले सगळे चला." सगळे म्हणजे सर, त्यांचे ज्युनियर वकील आणि मी. मी वकील नाही. मी फोन घेते, फायली काढून देते, आलेल्याला बसवते आणि चहा करते.

तिथे फरशी इतकी चकचकीत होती की मी पूर्ण वेळ स्वतःच्या पायांकडे बघत चालले. काळ्या कोटातल्या एक बाई हसत सरांकडे आल्या आणि म्हणाल्या, "वी आर फुल सर्व्हिस, सर."

"अरे वा," सर म्हणाले, "म्हणजे आम्ही आजवर हाफच देत होतो."

बाई हसल्या. मीही हसले. ज्युनियर हसला नाही. तो कोपऱ्यातल्या कॉफीच्या मशिनकडे बघत होता. आमच्याकडे आलेल्या स्थळांकडे माझी चुलतबहीण असं बघायची. पुढच्याच महिन्यात तो तिकडे गेला. आमच्याकडे तो नुसता वकील होता, तिकडे 'असोसिएट' झाला. कोट तोच होता. इस्त्री वेगळी होती.

मी भंडाऱ्याकडची. आठवीनंतरची शाळा लांब होती आणि घरात मीच मोठी, म्हणून थांबले. पुढे गावातल्या बायकांबरोबर द्राक्षं पेट्यांत भरायच्या कामाला इकडे आले. हंगाम संपला तशा बाकीच्या परत गेल्या. मी राहिले, कारण परत जाऊन करायचं काय हे मला कुणी सांगेना. सरांच्या मंडळींनी, मी त्यांना मॅडम म्हणते, मला कुणाच्या तरी ओळखीने ऑफिसात आणून उभं केलं. सरांनी विचारलं, "वाचता येतं?"

"आठवीपर्यंत."

"त्यापुढचं मलाही फारसं येत नाही. बसा."

त्या दिवसापासून मी बसलेली आहे. नाशिक रोडला एक खोली घेतली, सिटी बसने येते-जाते. कोर्टाजवळच्या जुन्या बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर आमचं ऑफिस. दोन खोल्या, बाहेर लाकडी बाक, आत सर. या शहरात माझ्यासारखीला खुर्ची देणारी ही एकच जागा आहे, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणून मी सतत घाबरलेली असायचे. सर खोकले तरी मी हातातली फाईल खाली ठेवायचे. ते एखादे दिवशी उशिरा आले तर मी मनातल्या मनात सामान बांधून भंडाऱ्याच्या गाडीत बसलेली असायचे. उपकाराखाली राहणाऱ्या माणसाला चैन कसली!

फर्म आल्यावर अशिलं जायला लागली. आता ही जाण्याची रीत सांगायला हवी. कोर्टात वकील बदलायचा असेल तर नव्या वकिलाच्या वकीलपत्रावर जुन्या वकिलाने 'ना हरकत' लिहून सही करायची. ती नसली तर न्यायाधीश विचारतात, जुन्या वकिलांचं काय? सरांनी ही सही कुणालाही कधी नाकारली नव्हती. अट एकच: अशिलाने स्वतः यायचं, बसायचं, चहा घ्यायचा. का चाललात, हे सर विचारत नसत. हवापाणी, पोरांची लग्नं, असं काहीबाही बोलायचे. कप खाली ठेवला की सही.

त्यामुळे त्या वर्षी आमच्याकडे दुसरं काम नसलं तरी चहा भरपूर झाला. निरोपाच्या चहाची मी तज्ज्ञच झाले. त्यात आलं जास्त घालायचे, माणसाचे डोळे भरून आले तर आल्यावर ढकलता यावं म्हणून. बिल्डर गेले. शाळावाले गेले. एक डॉक्टर गेले, ते जाताना मला म्हणाले, "चहा मात्र तिकडे असा मिळत नाही हो." मग तिकडे कशाला चाललात, असं मी विचारलं नाही. माझी ती पायरी नाही.

उरले विंचूरचे शेठ. कांद्याचे मोठे व्यापारी. चुलतभावाशी जागेचा दावा, बाजारातले दोन-तीन वाद, भाडेकरूंची भांडणं. आमच्या कपाटातल्या निम्म्या फायली त्यांच्याच. तारखेच्या आदल्या दिवशी मी फोन करायचा, "शेठ, उद्या तारीख आहे," आणि सकाळी ते दोन-चार माणसं घेऊन आमच्या बाकावर हजर. कोर्टात त्यांचं काम असो-नसो, बाकावर बसल्याशिवाय आपली तारीख झाली असं त्यांना वाटतच नसे.

एके दिवशी सर फायलीत डोकं घालून, माझ्याकडे न बघता म्हणाले, "ताई, शेठही जाणार असं कानावर आलंय. त्यांचा मुलगा आता सगळं बघतो. ते गेले तर हे ऑफिस ठेवण्यात अर्थ नाही. मॅडम म्हणतच आहेत, पुण्याला मुलाकडे चला."

"बरं सर," मी म्हटलं. बाहेर येऊन गॅस पेटवला, आणि त्यावर काहीच ठेवलं नाही.

घरी फोन केला तर आई म्हणाली, "काऊन वो, आवाज असा काऊन येऊन रायला तुहा?" मी म्हटलं, रेंज नाही.

मग कागद आला. म्हणजे आधी ई-मेल आला म्हणे, पण सर ई-मेल आठवड्याने एकदा बघतात. फर्मला वाटलं, म्हातारा अडवतोय. मग कुरिअरने वकीलपत्र आलं, त्यावर पेन्सिलीने फुली मारलेली, सही इथे. सरांनी ते नीट घडी करून टेबलावर ठेवलं. मग स्वतः असोसिएट आला, आमचाच जुना ज्युनियर. बाहेरच्या बाकावर बसावं की आत जावं हे त्याला ठरवता येईना, तो दारातच उभा राहिला.

"आत ये की," सर म्हणाले. "का आता अपॉइंटमेंट घेऊन यायचं असतं?"

"सर, नुसती एक सही हवी होती. क्लायंट बिझी आहेत."

"शेठना पाठव. चहा घेतील, सही घेऊन जातील."

"सर, आमच्याकडे असं... प्रोसिजरमध्ये बसत नाही."

"तुमच्याकडे बसत नसेल. माझ्याकडे बाक आहे, तिथे सगळे बसतात."

"वरून विचारतायत सर, विथहोल्ड का करताय म्हणून."

"मी कुठं काय धरून ठेवलंय? ताई, चहाला आपण कुणाला नाही म्हणालो का?"

"नाही सर," मी म्हटलं.

"बघ. सांग त्यांना, नाशिकमध्ये ना हरकत उकळून मिळते."

तो गेला. तारीख आली. फर्मचे मुंबईचे वकीलसाहेब सकाळी गाडीने आले, कोर्टात उभे राहिले, न्यायाधीशांनी विचारलं, जुन्या वकिलांची ना हरकत? ती नव्हती. सर तिथेच होते, म्हणाले, माझी काहीच हरकत नाही, अशिलाने येऊन घेऊन जावी. पुढची तारीख पडली. साहेब संध्याकाळी गाडीने परत. शेठ काही त्या दिवशी फिरकले नाहीत, बाकावरही नाही. सरांना तोंड दाखवायची त्यांना लाज वाटत होती, आणि फर्मच्या एवढ्या हुशार माणसांना ही एक गोष्ट कुणी शिकवली नव्हती, की नाशिककडचा माणूस वकील बदलायला तयार होतो, पण जुन्या वकिलाच्या समोर बसून नाही.

मी मात्र खूश. दिवस पुढे ढकलला गेला की मला जिंकल्यासारखं वाटतं. शेठ आले नाहीत तर सही नाही, सही नाही तर ऑफिस आहे. मी देवाला रोज सांगायचे, शेठना असंच लाजरं ठेव.

पुढच्या तारखेच्या आदल्या दिवशी सर म्हणाले, "शेठना फोन केला का?"

"सर, आता ते आपले..."

"कागदावर अजून आपलेच आहेत. करा."

मी केला. "शेठ, उद्या तारीख आहे." पलीकडे ट्रॅक्टरचा आवाज, तो त्यांनी कुणाला तरी बंद करायला सांगितला. मग म्हणाले, "ताई, सर लय रागावले आसतील ना?"

मला वाटलं, हो म्हणावं. फार रागावलेत, येऊ नका, असं म्हटलं असतं तर माझी खुर्ची आणखी एक तारीख टिकली असती. तोंडातून निघालं, "नाही शेठ. ते चहाला थांबलेत."

"मग येतो."

दुसऱ्या दिवशी कोर्ट भरायच्या आधीच आले. बरोबर मुलगा आणि असोसिएट. मुलगा उभाच राहिला, हातात दोन फोन. शेठ सरांच्या पुढ्यातल्या खुर्चीत टोकाला बसले. मी चहा दिला. शेठनी एक घोट घेतला आणि कप हातातच धरून ठेवला.

"थंडी कमी झाली," सर म्हणाले.

"कांद्याला बरी नाय ती," शेठ म्हणाले. "सर, पोरगा म्हणतो तिकडं एसी हाय."

"असेल की."

"मला काय करायचाय एसी? कांद्याला वारा लागतो."

"पप्पा, आपण केसबद्दल बोलतोय, कांद्याबद्दल नाही," मुलगा म्हणाला.

"तू गप रे. मी सरांशी बोलतोय." शेठनी आणखी एक घोट घेतला, अगदी चिमणीएवढा. कप रिकामा झाला की सही होणार, हे त्यांनाही माहीत होतं. चहा गार झाला. मी विचारलं, "गरम करून आणू?" ते म्हणाले, "आणा ताई, दुसराच करा." मुलाने घड्याळ बघितलं. दुसराही तसाच पुरवून प्यायले. मी तिसऱ्याचं आधण ठेवलंच होतं.

मग ते एकदम असोसिएटला म्हणाले, "का रे, आज कोर्टात कोण उभं राहणार?"

"आमचे पार्टनर बघतायत सगळं."

"कुठून बघतायत?"

"मुंबईहून."

"आन् इथं?"

"इथे... लोकल काउन्सेल असतात ना. म्हणजे फर्म मुंबईहून सगळं ठरवते, आणि नेहमीच्या तारखांना इथला एक वकील उभा राहतो. फर्मतर्फे."

"कोणता वकील?"

असोसिएटने कोटाचं बटण लावलं, काढलं. "सर, ते मी आज तुमच्याशी बोलणारच होतो. मागच्या खेपेला साहेबांचा सगळा दिवस गेला. वरून म्हणाले, मॅटर माहीत असलेला कुणी असेल तर बरं. मी तुमचं नाव सुचवलंय."

शेठनी एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा सरांकडे. मग शेठ हसायला लागले, इतके की बशीत चहा सांडला. "म्हंजी सर," त्यांना दम लागला, "म्हंजी मी तुमाला सोडायचं, मुंबईला जायाचं, आन् मुंबईनं मला परत हितंच आणून सोडायचं? आरं मग वाटंत काय पाहायचं?"

"स्ट्रॅटेजी, पप्पा," मुलगा म्हणाला. "स्ट्रॅटेजी तिकडची असणार."

"आसंल बाबा. म्हणूनच यायला लय दिवस लागले तिला."

सर हसले नाहीत. हे शहर त्यांना ओळखतं. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या माणसाने मुंबईचा फोन घेऊन त्यांना सांगायचं, सर, आज एवढंच बोला, आज नुसती पुढची तारीख घ्या. त्यांनीच लिहिलेल्या दाव्यात त्यांनीच दुसऱ्यांच्या वतीने उभं राहायचं. माझ्या जागी कुणी मानी माणूस असता तर त्याने ट्रे आपटला असता. मी ट्रे छातीशी धरून उभी होते आणि मनात म्हणत होते, हो म्हणा सर, हो म्हणा, हो म्हणा. तोंडातून अक्षर काढलं नाही. पण सरांनी वर बघितलं, आणि त्यांची नजर नेमकी माझ्यावर आली. माझ्या चेहऱ्यावर काय होतं ते मला माहीत नाही. तिथे आरसा नव्हता, ते बरं झालं.

त्यांनी टेबलावरच्या वकीलपत्राची घडी उघडली, पेन्सिलीच्या फुलीवर सही केली, शाई वाळेपर्यंत थांबले आणि कागद असोसिएटच्या हातात दिला.

"सांग तुझ्या साहेबांना," ते म्हणाले, "उभा राहीन. पण शेठ तारखेला इथेच येऊन बसतील. त्यांना गंगापूर रोडला बोलवायचं नाही."

"विचारून सांगतो सर."

"विचारू नकोस. सांग."

असोसिएटने तो कागद लगेच कोर्टात दाखल केला. साडेअकराला दावा पुकारला. मी फाईल घेऊन दाराशी होते. सर उठले, आणि असोसिएट त्यांच्या शेजारी उभा राहून कुजबुजत त्यांना मुंबईचा निरोप सांगत होता. सर मान खाली घालून ऐकत होते, अगदी शहाण्या विद्यार्थ्यासारखे. "बोल बाबा," मला ऐकू आलं, "आता तू सांगायचं, मी ऐकायचं." न्यायाधीशांनी चष्म्यावरून बघितलं. "वकीलसाहेब, तुम्ही तर मघाशीच ना हरकत दिलीत ना?" मागच्या बाकावरचे वकील हसले. सरही त्यांच्यात हसले, सगळ्यात आधी.

त्या फर्मवर माझा राग असायला हवा, असं मला पुष्कळ लोक सांगतात. माझा नाही. माझा पगार तिकडच्या मेहरबानीने चालू आहे आणि मी तो खाली मान घालून घेते. कधी तिकडे जाणं झालं आणि काचेच्या त्या बिल्डिंगवरून बस गेली, तर मी हात जोडत नाही, एवढंच.

कोर्टातून परत येताना जिन्यात सर थांबले, दम खायला. म्हणाले, "ताई, पुण्याला मुलाकडे मला करमलं नसतं. म्हणून हो म्हटलं. तुम्ही भलतं काही मनात आणू नका."

"नाही सर," मी म्हटलं. फाईल दुसऱ्या हातात घेतली आणि त्यांच्या पुढे न जाता मागेच थांबले. त्यांना हवा तेवढा वेळ घेऊ दिला.