राउटर, कूलर आणि नाझनीनचा इंटरव्ह्यू

"पुन्हा अडकलं!" आतल्या खोलीतून नाझनीन ओरडली. मी दारात चपला काढत होतो. तेवढ्यात तिचे अब्बा रशीदभाई अंगावरच आले.

"भाऊ, म्हन्लं व्हतं ना, सहा अँटेनावाला घ्या! दोन काड्यांचा डब्बा आणून ठिवला तुम्ही!"

अंबडमध्ये मी वायफाय बसवायचं काम करतो. सकाळीच त्यांच्या बाहेरच्या खोलीत नवा राउटर लावून गेल्तो. राउटर म्हणजे तारेतून आलेलं नेट घरभर हवेतून वाटणारा डबा. तो अँटेना मोजून घ्यायचा नसतो. तापून बंद न पडणारा, वॉरंटीवाला घ्यायचा. आतल्या खोलीत चेक केलं तेव्हा स्पीड एकदम कडक होता. वॉरंटीला लागतो, खोका जपून ठेवा, असं नाझनीनच्या अम्मीला, भाभींना, बजावून निघालो होतो. आणि दुपारी फोन आला, नेट अडकतंय, लगेच या.

नाझनीनचा पुण्याच्या कंपनीत ऑनलाइन इंटरव्ह्यू चालू होता. काम घरी बसूनच करायचं, म्हणून कंपनी नेटही बघत होती. इंटरव्ह्यू घेणाऱ्या मॅडमनी साफ सांगितलं होतं, थोडं थांबते, पण आणखी एकदा तुटलं तर विषय संपला. शिलाई मशीनवर चालणाऱ्या त्या घरातली ही पहिली नोकरी. मलाही घाम फुटला.

राउटर पाहिला. दिवे हिरवे. अडॅप्टर गार. त्याच्यासमोर उभं राहून मोबाईल लावला, नेट सुसाट. म्हणजे तार बरोबर, डबा बरोबर. मोबाईल हातात धरून आत निघालो आणि मधल्या दारात रेंज धपकन पडली.

दारात कूलर उभा. सकाळी नव्हता.

"भाभी, हा कुठनं आला?"

"बहिनीच्या घरून आनला. पोरगी घामाघूम हून मॅडमसमोर बसंल का? आत्ताच काठोकाठ भरला."

मी कपाळावर हात मारला. पत्रा वायफाय अडवतो, पाणी ते पिऊन टाकतं. इथं दोन्ही एकत्र, बरोबर राउटर आणि लॅपटॉपच्या मधे.

"काढा हा पहिले!"

"गरमीनं मरंल ना ती!"

"भाभी, हवा पाहिजे का नोकरी?"

मग त्यांनीच बटन बंद केलं. मी आणि रशीदभाईंनी कूलर ओढला. पाणी हिंदकळून पायावर सांडलं, पण रेंज परत आली.

"जॉइन हो, जल्दी!"

मॅडम पडद्यावर आल्या. प्रश्न सुरू झाले. छताचा पंखा नुसती गरम हवा ढकलत होता. रशीदभाई राउटरच्या दिव्यांकडं बघत ओठातल्या ओठात दुआ म्हणत होते. मी जागचा हललो न्हाई. न जाणो, आपलाच पाय कशाला तरी लागायचा!

तिथूनच आत डोकावलो तर भाभी टेबलाखाली, कॅमेऱ्यात दिसणार न्हाई अशा बसलेल्या. राउटरच्या रिकाम्या खोक्यानं लेकीला वारा घालून राह्यल्या होत्या. इंटरव्ह्यू संपेपर्यंत हात थांबला न्हाई.

नाझनीनला नोकरी लागली. रशीदभाई अजूनही सगळ्यांना सांगतात, सहा अँटेना असत्या तर कूलर हलवावाच लागला नसता.

आता कोणी विचारलं, राउटर कोणता घेऊ, तर मी आधी विचारतो, कूलर कुठं ठेवता? आणि खोका जपून ठेवा म्हणतो. निव्वळ वॉरंटीसाठी न्हाई.