डाउनलोडमधली म्हातारी माणसं

सोनईत कुणाकडं माणूस गेलं की दहाव्याच्या फ्लेक्सचं काम फोटोवाल्या कल्याणकडं ठरलेलं. फ्लेक्सवर माणूस कसा हसतमुख, ताजातवाना दिसायला हवा. जिवंतपणी ज्याला घरात कुणी चहा विचारला नाही, तोसुद्धा. जगाची रीतच आहे, तिला कल्याण बिचारा काय करणार?

पण ऐनवेळी धड फोटो सापडत नाही. म्हणून घरातलं म्हातारं माणूस थकलं की शहाणी पोरं कल्याणला हळूच बोलावून घ्यायची. त्यानं गुपचूप फोटो काढायचा आणि स्वतःकडंच ठेवायचा. घरात ठेवायची कुणाची छाती नाही. जित्या माणसाचा तसला फोटो घरात आला की मागोमाग वरचं बोलावणं येतं म्हणतात. कल्याणनंही ते फोटो 'श्रद्धांजली'च्या फोल्डरात कधी टाकले नाहीत. मेलेल्यांच्या पंगतीत जित्याला कसं बसवायचं? शिवाय दुकानात येणारा प्रत्येक जण लॅपटॉपात डोकं खुपसणार. स्वतःचाच फोटो तिथं दिसला तर म्हातारा काठीच काढेल. म्हणून त्यानं ही सगळी मंडळी डाउनलोडच्या ढिगात लपवली. तिथं कोण मरायला बघतंय, असा त्याचा होरा.

लॅपटॉप म्हणजे जुना खटारा. डिझाइनचं सॉफ्टवेअर अपडेटशिवाय उघडेना आणि अपडेटला जागा पुरेना. कल्याणनं जुन्या लग्नांचे व्हिडिओ उडवले, निवडणुकीत पडलेल्या उमेदवारांचे फ्लेक्स उडवले, तरी तेच. शेवटी वैतागून त्यानं साफसफाईचा पर्याय उघडला आणि दिसेल त्या चौकटीत टिक करत सुटला. त्यात डाउनलोडही होतं. ओके दाबलं, भसाभस जागा मोकळी झाली, अपडेट बसलं. गडी एवढा खूश झाला की बायकोसाठी आपण होऊन भेळ बांधून घेऊन गेला.

त्याच आठवड्यात गोजरबाई गेली. तिचा मुलगा सहादेवतात्या दुकानात आला.

"आईचा तो चिंचा फोडतानाचा फोटू काढ," तो म्हणाला. "हसतीय ना त्यात, तोच."

गोजरबाई कॅमेरा दिसला की तोंडावर पदर ओढायची. नातवाच्या लग्नातही तिनं तेच केलं होतं. तो एकच फोटो कल्याणनं गोठ्याआडून चोरून टिपला होता. त्यानं डाउनलोड उघडलं. आत काहीच नव्हतं. कचरापेटी पाहिली, तीही रिकामी. कॅमेऱ्याच्या कार्डावर तर कधीच दुसऱ्यांची बारशी बसली होती. तेव्हा कुठं त्याला टिक केलेली ती चौकट आठवली.

"सापडला की पाठवतो, तात्या," तो म्हणाला. खोटं बोलताना त्याला तात्याच्या तोंडाकडं बघवेना.

लॅपटॉप घेऊन तो नगरला गेला. तिथल्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्यानं दुपारभर खटपट केली आणि मान हलवली. एवढं मोठं अपडेट त्याच जागेवर बसल्यावर आता काय हाती लागणार? कल्याणला रडू आलं. आईबापाचं शेवटचं तोंड लोक विश्वासानं आपल्यापाशी ठेवतात आणि आपण ते केरात टाकलं, याची त्याला भयंकर लाज वाटली.

गावात परतल्यावर तो थेट तात्याच्या दारात गेला. "तात्या, आईचा फोटो माझ्या हातनं पुसला गेला. चूक माझीच हाय," त्यानं सांगून टाकलं. तात्या उठून आत गेला आणि आईचं आधार कार्ड आणून त्याच्या हातात ठेवलं.

त्या कार्डावर गोजरबाई घाबरलेली होती, डोळे तारवटलेले, अर्धा चेहरा काळा. कल्याणनं जीव ओतला. काळं काढलं, पदर नीट केला, 'श्रद्धांजली'तल्या दुसऱ्या कुठल्या आजीचं हसू आणून ओठांवर बसवलं. बाई खरोखर प्रसन्न दिसायला लागली.

दहाव्याच्या आदल्या दिवशी तात्या बघायला आला. खुर्ची ओढून स्क्रीनसमोर बसला.

"झ्याक दिसतीय," तो म्हणाला. "पर ही माझी आई न्हाई."

"दुसरा करून बघतो, तात्या."

"नको, हाच छाप." तात्यानं टोपी सारखी केली. "घरात लावंन. रोज बघून बघून मला बी हीच आई वाटाया लागंल."